पूजेतला बोल्ट

धारवाडला केलगेरीच्या तळ्याकडे वळायच्या अलीकडे गुंडू मिस्त्रीचं गॅरेज लागतं. तीन बाजूंना विटांच्या भिंती, वर पत्रा आणि चौथी बाजू रस्त्याला सताड उघडी, स्टेजला असते तशी. गुंडू त्या उघड्या बाजूकडे तोंड करूनच काम करायचा. लोकांकडे पाठ करायची नाही, हे तो जिथं शिकला तिथं त्याच्या तोंडाला कधी कुणी रंग लावला नव्हता. पण शिकवण अंगात मुरली ती मुरलीच.

तरुणपणी तो एका फिरत्या नाटक कंपनीत होता. हुबळी, गदग, निपाणी, मिरज; आज कानडी खेळ, उद्या मराठी. गुंडू पडदे ओढायचा, दिवे सांभाळायचा, कंपनीचा ट्रक चालवायचा आणि ट्रक बंद पडला की त्याच्याखाली शिरायचा. शिवाय प्रॉपर्टी त्याच्या ताब्यात. राजाची तलवार, नायिकेचा आरसा, विषाचा पेला. खेळ सुरू व्हायच्या आधी विंगेत एक कापड अंथरून त्यावर या वस्तू प्रवेशाच्या क्रमाने मांडायच्या. ज्याची त्याने उचलून न्यायची. शेवटच्या प्रवेशाला कापड रिकामं दिसलं, म्हणजे सगळं जिथं पोचायचं तिथं पोचलं. एकदा दुसऱ्या कुणीतरी मांडामांड केली आणि विषाचा पेला पेटीतच राहिला. नायक मरायला उभा आणि हातात काहीच नाही. बिचारा छातीवर हात ठेवून, दुःखाने हृदय फुटून मेला. टाळ्या पडल्या म्हणा. पण मालकाने त्या दिवसापासून कापडाला गुंडूशिवाय कुणाला हात लावू दिला नाही.

पुढं कंपनी बुडाली. सामान चहूकडे गेलं. जंगलाच्या देखाव्याचा एक जुना पडदा तेवढा गुंडूने मागून घेतला, त्याचे तुकडे केले आणि गॅरेज टाकलं. कामाला आलेल्या प्रत्येक गाडीपुढं तो त्या पडद्याचा एक तुकडा अंथरायचा. काढलेला प्रत्येक नट, बोल्ट, वॉशर काढला त्या क्रमाने त्यावर मांडायचा आणि उलट्या क्रमाने परत बसवायचा. फडकं रिकामं झालं की काम झालं. मगच किल्ली द्यायची. गिऱ्हाईक हिरव्या रंगाच्या पुसट झाडांमध्ये मांडलेले बोल्ट बघून हसायचं. गुंडू म्हणायचा, "माणूस विसरतो. फडकं विसरत नाही."

सल्ले तो कुणालाही, न मागता द्यायचा. जॅक लावायच्या आधी चाकाच्या मागं दगड लाव. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल कर, आणि आवळताना शेजारचा नको, समोरासमोरचा आवळ. ब्रेकचं काम झालं की गाडी हलवायच्या आधी पेडल दाबून बघ, पाय खाली गेला तर पाऊलभर पुढं जाऊ नकोस. घरचा नळ गळतो म्हणून जोर लावून पिळू नकोस, आतला वॉशर बदल. गंजलेला स्क्रू सुटत नाही? घासलेट सोड, हलकेच ठोक, चहा पिऊन ये. बायका भाजी घेऊन जाताना थांबून मिक्सरचं दुखणं सांगायच्या आणि त्यालाही तो काही ना काही उतारा द्यायचाच.

पण अलीकडे गुंडूचा पाना कधी कधी हवेतच थांबायचा. पुढं काय करायचं होतं ते क्षणभर आठवायचंच नाही. तो खाली फडक्याकडे बघायचा, तिथं पुढचा बोल्ट त्याची वाट बघत असायचा, आणि हात पुन्हा चालू व्हायचा. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. आपल्या बायकोला, नागुबाईलाही नाही.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी गॅरेजात पाय ठेवायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी आयुधांची पूजा, गाड्याही आयुधंच. पूजेआधी प्रत्येकाला आपली गाडी ठाकठीक करून, धुऊन हवी होती. वादिराज मास्तरांची जुनी लाल गाडी त्यातच होती. मास्तर धारवाडला शाळेत शिकवायचे तेव्हापासूनचे गिऱ्हाईक. निवृत्तीनंतर ते हुबळीला केशवापुरात मुलाकडे राहायला गेले, तरी गाडी गुंडूकडेच यायची. दसऱ्याला सगळे अळणावरला मूळ घरी जाणार होते आणि पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड झिजले होते.

गुंडूने उजवं चाक केलं, मग डावं. चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीला दोन्ही बाजूंनी धरणारा एक जबडा असतो, कॅलिपर. त्याचा खालचा बोल्ट काढला की जबडा वर उचलता येतो आणि पॅड बदलता येतात. नवे पॅड घालून गुंडूने जबडा खाली बसवला. बोल्टला ग्रीस लावून तो आता घालणार, एवढ्यात पांडुरंग रिक्षावाला हॉर्न वाजत नाही म्हणून दारातून ओरडायला लागला. हातातलं फडक्यावर ठेवून गुंडू उठला. हॉर्नची तार जोडून परत आला तर फडकं रिकामं होतं. त्याने चाक चढवलं, नट समोरासमोर आवळले, पेडल दाबून बघितलं. पेडल दगडासारखं घट्ट लागलं. मास्तरांचा मुलगा श्रीनिधी येऊन गाडी घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेज नव्या नवरीसारखं सजलं होतं. दारावर केळीचे खांब, उसाची कांडी, गुंडूच्या मोटारसायकलला झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं. नागुबाईने आदल्या दिवशी सगळी हत्यारं घासलेट-साबणाने धुऊन पाटावर मांडली होती. पाने, पकडी, हातोड्या, स्क्रू-ड्रायव्हर. एकदा पूजा झाली की दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्या हत्यारांची ती सुट्टी. गुंडू न्हाऊन, धोतर नेसून बसला आणि एकेका हत्याराला कुंकवाचं बोट लावत गेला.

पान्यांच्या ओळीच्या शेवटी त्याचं बोट थांबलं. तिथं एक बोल्ट होता. करंगळीएवढा लांब, घासून चकचकीत केलेला.

"नागू, हा कुठला गं?"

नागुबाई आरतीची वात करत होती. तिने मान वर न करता सांगितलं, की काल फडक्यावर होता, तिथंच पाना आणि पक्कड पडली होती, सगळं उचलून धुतलं. फडकंही धुवायचं होतं, पण ते राहिलं.

गुंडू बोल्टाकडे बघत राहिला. कंपनीत एकदा भर खेळात दिवे गेले होते, तेव्हा हजार माणसांचा श्वास त्याला अंधारात ऐकू आला होता. आत्ता तसंच काहीतरी कानात भरलं. काल त्याने बोल्ट घातल्याचं त्याला आठवत नव्हतं. घातला नाही, असंही आठवत नव्हतं. आठवत होतं फक्त रिकामं फडकं.

त्याने श्रीनिधीला फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला, तर बाई गोड आवाजात कानडीतून सांगू लागली की हा नंबर सध्या संपर्कात नाही. मास्तरांच्या घरी लावला. शेजारच्या बाईने उचलला. म्हणाली, फुलझाडांना पाणी घालायला आलेय, ते तर मघाशीच निघाले, बाळालाही घेऊन.

तेव्हा गुंडू उठला आणि पाटावरचा चौदाचा पाना त्याने उचलला.

"अहो, पूजेतलं उचलू नका," नागुबाई दचकून म्हणाली.

"हा बोल्ट मास्तरांच्या गाडीचा आहे."

ती वात हातात धरून तशीच उभी राहिली. मिस्त्रीची बायको होती ती. तिला पुढचं सांगावं लागलं नाही. तिच्या ओठांतून एवढंच आलं, "मी उचलला."

गुंडूने बोल्ट, पाना, जॅक, चाकाचे नट सोडायची टॉमी, ग्रीसची डबी पिशवीत कोंबली. मोटारसायकलला किक मारली तेव्हा नागुबाई पदर खोचून मागं येऊन बसली. तिच्या काखेत ते मळकं फडकं होतं. फोन कोण लावणार, तुम्ही गाडी चालवणार की फोन लावणार, असं ती म्हणाली आणि तो वाद घालायला थांबला नाही. चाकाखालचं लिंबू फुटलं आणि दोघं अळणावरच्या रस्त्याला लागली.

बघणाऱ्याला मौजच वाटली असेल. धोतर नेसलेला म्हातारा, कपाळावर कुंकवाचा टिळा, मागं नऊवारीतली म्हातारी, पुढं झेंडूचा हार फडफडतोय आणि हँडलला बांधलेली केळीची पानं एकेक करून मागं उडताहेत. एका टपरीवरच्या पोरांनी अज्जा-अज्जी लग्न करून पळाले म्हणून शिट्ट्या मारल्या. गुंडूला त्या ऐकूही आल्या नाहीत. त्याच्या डोळ्यांपुढं तो जबडा होता. तो आज सकाळी केशवापुरातून निघाला, हुबळी पार केली, धारवाड पार केलं. प्रत्येक ब्रेकला तो वरच्या एकाच बोल्टावर थरथरत असणार. पॅडच्या आधाराने टिकेल, टिकेल, आणि मग एखाद्या वळणावर उसळून चाकाच्या रिंगेत अडकेल. त्यात मास्तर, श्रीनिधी, त्याची बायको मेधा आणि त्यांची वेदश्री, जिला आत्ता कुठं चालता येऊ लागलंय.

नागुबाई मागून पुन्हा पुन्हा फोन लावत होती. मधेच तिने फोन कमरेला खोचला आणि त्याच्या कानाशी बोलली.

"मागच्या महिन्यात तुम्ही शेगडी पेटती ठेवून तळ्यावर गेलात. मी बोलले नाही."

"माहीत आहे."

"आणि हिराबाईंचा पंप दुसऱ्याच घरी देऊन आलात."

"तेही माहीत आहे, नागू."

"मग सांगितलं का नाही?"

त्याने एक खड्डा चुकवला. मग तो म्हणाला, "फडकं होतं ना."

तिने त्याच्या पाठीवर कपाळ टेकलं. त्याला वाटलं ती रडतेय. पण रस्ता खराब होता, नक्की कळायला मार्ग नव्हता.

शेतं मागं पडली, दोन्ही बाजूंना झाडी दाट झाली. एका वळणावर माणसांचा घोळका दिसला. मधे एक गाडी तिरकी उभी आणि रस्त्यावर लाल, ओलं, पसरलेलं. ब्रेक त्याने दाबला की गाडी आपोआप थांबली, त्याला कळलं नाही. नागुबाई चालू गाडीवरून उतरावी तशी उतरली आणि घोळक्यात घुसली.

ती परत आली तेव्हा तिच्या पावलांना लाल लागलं होतं. "कोहळा आहे," ती म्हणाली. "टेम्पोची पूजा करून कोहळा फोडलाय. कुंकू भरलेला."

टेम्पोवाला मागून हसत आला आणि दोघांच्या हातांवर पेढा ठेवून गेला. गुंडूने तो पेढा तोंडात टाकला नाही, फेकलाही नाही. मुठीत धरूनच त्याने गाडी चालवली. मग कधीतरी तो कमरेला खोचला, तरी कितीतरी वेळ मूठ चिकट होती.

अळणावरच्या अलीकडे रेल्वेचं फाटक पडलं होतं. ट्रक, टेम्पो, हार घातलेल्या गाड्या, सगळ्यांची रांग लागलेली. आणि त्या रांगेत, पुढून तिसरी, मास्तरांची लाल गाडी शांतपणे उभी होती. खिडकीतून एक इवलासा हात बाहेर आला होता.

गुंडूने मोटारसायकल रांगेच्या बाजूने धूळ उडवत पुढं घातली. श्रीनिधीने त्याला आरशात बघितलं आणि तो हसला. त्याला वाटलं, गुंडूअण्णा कुठंतरी देवाला निघालेत. काच खाली करून त्याने विचारलं तोवर गुंडू ओरडला होता, की गाडी हलवू नको. पण मागचे हॉर्न, इंजिनाची शिट्टी. श्रीनिधीला वाटलं गाडी बाजूला घ्यायला सांगताहेत. त्याने रिव्हर्स टाकला, गाडी हातभर मागं घेतली आणि ब्रेक दाबला.

डाव्या चाकातून आवाज आला. लोखंडाने लोखंडाला चावावं तसा. चाक जागच्या जागी अडकलं.

आवाज ऐकून मास्तर खाली उतरले. मेधाने मुलीला उचलून छातीशी धरलं. गुंडू चाकापाशी गुडघे टेकून बसला; आतला जबडा वर उसळून रिंगेला भिडला होता आणि रिंगेवर एक ताजा ओरखडा चमकत होता. त्याने पिशवीतून बोल्ट काढून मास्तरांपुढं धरला.

"हा कुठं होता?" मास्तरांनी विचारलं.

"पूजेत."

नागुबाई पुढं आली. ती काही बोलणार हे गुंडूला कळलं आणि तो तिच्या आधी बोलला. "फडकं रिकामं आहे एवढं मी बघितलं, मास्तर. बोल्ट घातला का, ते बघितलं नाही."

श्रीनिधीचा चेहरा पांढरा पडला होता. तो ओरडला नाही. "मागं माझी पोरगी बसली होती, गुंडूअण्णा," एवढंच म्हणाला. तो ओरडला असता तर गुंडूला बरं वाटलं असतं.

फाटक उघडलं. मागच्या गाड्या शिव्या घालत वळसा घालून जाऊ लागल्या. नागुबाईने रस्त्याच्या कडेला फडकं अंथरलं, वर दोन दगड ठेवले आणि एक दगड मागच्या चाकाला लावला. गुंडूने नट सैल केले, मग जॅक चढवला. चाक उतरवलं, तिरका झालेला पॅड सरळ केला, जबडा खाली घेतला. बोल्टावरचं कुंकू त्याने धोतराच्या सोग्याने पुसलं, आट्यांत एक कणही राहू नये म्हणून पुन्हा पुसलं, ग्रीस लावलं. बोल्टाचं टोक भोकाला लागेना. नागुबाई शेजारी बसली आणि हळू आवाजात बोलत राहिली: हां, बोल्ट. आता पाना. अजून एकदा आवळा. आता चाक.

शेवटी ती म्हणाली, "फडक्यावर काही नाही. तुमच्या हातात?"

"नाही."

"पिशवीत? कमरेला?"

त्याने कमरेची गाठ सोडून दाखवली. तिथून तो कुस्करलेला पेढा खाली पडला. कोणी हसलं नाही.

"आता यात बसू ना आम्ही?" मास्तरांनी विचारलं. त्यांचा आवाज कडू नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

एवढी वर्षं गुंडूने या प्रश्नावर छातीवर हात ठेवून, खर्जातल्या आवाजात, मास्तर बिनधास्त जा, असं म्हटलं होतं. आज तो आवाज येईना. त्याने श्रीनिधीपुढं हात केला. किल्ली हातावर आली. तो एकटाच गाडीत बसला, फाटक ओलांडून पलीकडे गेला, आणि सगळ्यांच्या देखत त्या मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवून करकचून ब्रेक दाबला. पुन्हा पळवली, पुन्हा दाबला. मागं घेऊन दाबला. धूळ उठत राहिली आणि त्या धुळीत म्हाताऱ्याचं डोकं पुढं-मागं हिंदकळत राहिलं. शेवटी मास्तरच म्हणाले, "पुरे रे, गुंडू."

ते गाडीत बसले. मेधाने खिडकीतून नागुबाईला पाण्याची बाटली दिली. श्रीनिधीने गुंडूकडे बघितलं नाही. गाडी अळणावरच्या दिशेने गेली, हळू, फार हळू.

गुंडूने मोटारसायकल धारवाडकडे वळवली.

दसऱ्याला हत्यारांची उत्तरपूजा करून ती उचलायची असतात. गुंडूने पूजा केली, पण हत्यारं उचलली नाहीत. लोक बन्नीची, म्हणजे शमीची पानं घेऊन आले, सोन्यासारखं राहू या म्हणून त्याच्या हातांवर ठेवून पाया पडून गेले. त्याने सगळ्यांना आशीर्वाद दिले. गाड्या घेऊन आलेल्यांना मात्र नागुबाईने दारातूनच सांगितलं, की बरं नाही. पाने पाटावर कुंकू लावलेले तसेच पडून राहिले. झेंडू वाळला, केळीचे खांब काळे पडले. गुंडू पाटाकडे तोंड करून, आणि पहिल्यांदाच रस्त्याकडे पाठ करून बसायचा.

पांडुरंग रिक्षावाल्याने चिडवलं, की नाटक संपलं का, अण्णा? गुंडू म्हणाला, "माझी नक्कल पाठ नाही राहिली रे."

आणि मग एका दुपारी ती लाल गाडी अळणावरहून परत आली. गुंडूने वळून बघितलं नाही. इंजिन ओळखीचं होतं. गॅरेजसमोर रस्त्यावर उंचवटा आहे, तिथं प्रत्येक गाडीला ब्रेक दाबावाच लागतो. गुंडू श्वास रोखून बसला. लाल गाडीने ब्रेक दाबला. ना कर्कश आवाज, ना खडखड, ना थरथर. गाडी उंचवट्यावरून उतरली, थांबली नाही, हॉर्न दिला नाही, हुबळीच्या रस्त्याला निघून गेली. ती पुन्हा कधी या दारात येणार नाही, हे त्यालाही कळलं आणि आतून बघणाऱ्या नागुबाईलाही.

ती बाहेर आली. कंपनीत ती मालकाच्या बायकोची मदतनीस होती. घामाने भिजलेल्या, घाबरलेल्या नटांना विंगेतून शब्द पुरवणाऱ्या बायका तिने बघितल्या होत्या, स्वतः मात्र तिथं कधी शब्द पुरवला नव्हता. तिने पडद्याचा एक तुकडा जमिनीवर अंथरला आणि त्याच्या पलीकडे मांडी घालून बसली. पांडुरंगाला हाक मारून, रिक्षा आत घे म्हणाली.

"मला काही कळत नाही त्यातलं," ती गुंडूला म्हणाली. "तुम्ही काढलेलं मी मोजीन, नाव घेईन. घातलंत की मला सांगायचं. सांगितल्याशिवाय फडक्यावरून काही उचलणार नाही, आणि फडकं रिकामं दिसलं तरी किल्ली मी देणार, तुम्ही नाही."

"आणि मी सांगायलाच विसरलो तर?"

नागुबाईने फडक्याची सुरकुती हाताने सपाट केली.

गुंडूने चौदाचा पाना उचलला, सोग्याने त्यावरचं कुंकू पुसलं आणि रस्त्याकडे तोंड करून बसला. पहिला नट सुटला. पुसट हिरव्या झाडांमध्ये त्याने तो ठेवला.

"एक नट," नागुबाई म्हणाली.

"एक नट," तो म्हणाला.